सेकंडहँड स्क्रॅम्बलर ८००: ९,४०० किमीवर टायमिंग बेल्ट बदलायचा का?

कोलशेतकर:
ठाण्यात २०१८ची डुकाटी स्क्रॅम्बलर ८०० बघितली आहे. एमएच-०४ पासिंग, रनिंग ९,४०० किमी. मालकाचं म्हणणं, टायमिंग बेल्टचं (इंजिनच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारा रबरी दातेरी पट्टा) आयुष्य २४,००० किमी, त्यामुळे अजून बरीच वर्षं बघायला नको. सर्व्हिसची बिलं २०२१पर्यंतचीच आहेत. सौदा करण्याआधी बेल्ट उघडून बघता येतो का? बदलायचाच झाला तर काय काय मागवू?

डेस्मो_ठाणे:
मालक अर्धंच सांगतोय. २४,००० किमी किंवा ५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे मूळ बेल्टची मुदत २०२३मध्येच संपली. रबर वयाने कडक होतं, आणि आपल्याकडे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे एअर-कूल्ड इंजिन चांगलंच तापतं. त्यात गाडी महिनोन्महिने उभी असेल तर बेल्ट पुलीभोवती एकाच जागी वाकलेला राहतो. त्यामुळे कमी रनिंग ही इथे जमेची बाजू धरू नका.

आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, वय तिथून मोजा. बिलात बेल्ट हा पार्ट म्हणून लावलेला दिसला पाहिजे. नुसतं ‘बेल्ट चेक’ लिहिलं असेल तर तो बदललेला नाही असंच समजा. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सरकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

पामबीच_गॅरेज:
बघता येतो, आणि जरूर बघा. इंजिन पूर्ण थंड हवं. बेल्टची प्लॅस्टिक कव्हरं उजव्या बाजूला आहेत. आडव्या सिलिंडरचं आधी काढा, ते पुढच्या चाकाच्या मागे असल्याने पावसाळ्यातला चिखल आणि बारीक खडी तिथेच जाते.

टॉर्च घेऊन दातांच्या मुळाशी बघा. तिथे केसासारख्या चिरा आहेत का ते तपासा. कडेचे धागे सुटलेत का, पाठ काचेसारखी चकचकीत झालीय का, तेही बघा. बेल्टला तेल लागलेलं दिसलं तर कॅमचं (व्हॉल्व्ह हलवणारा शाफ्ट) किंवा खालच्या पुलीच्या शाफ्टचं ऑइल सील गळतंय. सील न बदलता नवा बेल्ट टाकला तर तोही खराब होईल.

मात्र बेल्ट दिसायला ठीक आहे म्हणून सोडू नका. आतले दोरे थकलेले बाहेरून दिसत नाहीत.

डेस्मो_ठाणे:
बदलताना: २ बेल्ट लागतात, दर सिलिंडरला १. प्रत्येक बेल्टला २ रोलर, एक स्थिर आणि एक ताण देणारा. बेल्ट निघाल्यावर चारही रोलर बोटाने फिरवा. खरखर लागली किंवा डुगडुगला तर तोही बदला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) घ्या, दोन्ही स्पार्क प्लग काढा. सहाव्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवत खालच्या पुलीची आणि दोन्ही कॅम पुलींची खूण जुळवा. जुना बेल्ट काढण्याआधी तिन्ही जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि दात मोजून तेच ठिपके नव्या बेल्टवर उतरवा. इथली चूक पुढे फार महाग पडते. बेल्ट नसताना कॅम मोकळा फिरवू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. नवा बेल्ट उलटा करू नका, घडी घालू नका, पान्याने रेटून चढवू नका.

चढवल्यावर चाकाने इंजिन फिरवून खुणा पुन्हा बघा. बेल्टच्या पुली क्रँकच्या (इंजिनचा मुख्य शाफ्ट) निम्म्या वेगाने फिरतात, म्हणून खुणा क्रँकच्या दर २ फेऱ्यांनी जुळतात. ४ फेऱ्या द्या. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका, खुणा चुकल्या आहेत.

कोलशेतकर:
ताण ॲलन कीने बघतात म्हणे. ते चालतं?

पामबीच_गॅरेज:
दर सिलिंडरला २ व्हॉल्व्ह असलेल्या या इंजिनांवर जुनी रीत आहे: स्थिर रोलर आणि बेल्टच्या मधून ५ मिमीची ॲलन की किंचित घासत जावी, ६ मिमीची जाऊ नये. हा अंदाज झाला. बेल्ट छेडून फोनच्या ॲपवर त्याच्या कंपनाचे हर्ट्झ मोजणं जास्त भरवशाचं. आकडा त्याच मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या. नव्या आणि वापरलेल्या बेल्टचा वेगळा असू शकतो. मोजमाप थंड इंजिनवरच, कारण गरम झाल्यावर सिलिंडर फुगतात आणि ताण वाढतो. जास्त ताणला तर रोलरचं बेअरिंग लवकर जातं, ढिला राहिला तर दात सरकतो. ताण देणाऱ्या रोलरचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

वाशी_क्लासिक:
माझ्या २०२२च्या क्लासिक ३५०चाही बेल्ट बघायला हवा का?

डेस्मो_ठाणे:
त्यात टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. हार्लेच्या मागच्या चाकाला दिसतो तो ड्राइव्ह बेल्ट, त्याचा टायमिंगशी संबंध नाही.

कोलशेतकर, १२,००० किमीला व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला हलवणाऱ्या भागातली फट) बघायचाच आहे. डेस्मोत (डुकाटीची रचना, यात व्हॉल्व्ह स्प्रिंगने नाही तर कॅमनेच मिटवला जातो) व्हॉल्व्ह उघडायचं आणि मिटायचं माप वेगळं, म्हणजे ४ व्हॉल्व्हची ८ मापं. बेल्ट निघालेले असतात तेव्हाच ते काम सोपं पडतं, दोन्ही एकत्र करून घ्या. बेल्ट, मजुरी आणि हे काम यांचं लेखी कोटेशन घेऊन ती रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. मालक तयार नसेल तर गाडी चालवत घरी आणू नका, टेम्पोत घालून सरळ गॅरेजला न्या.