गॅलेक्सी एक्सप्लोरर : १९७९ चे यान आणि २०२२ चे यान यांत नेमका फरक काय?

निळे_पंख (प्रश्न)

लेगो कंपनीचे, प्लास्टिकच्या विटा जोडून बनवायचे १९७९ सालचे गॅलेक्सी एक्सप्लोरर हे खेळण्यातले अंतराळयान माझ्या थोरल्या भावाकडून माझ्याकडे आले. त्याच्या ३३८ भागांपैकी बहुतेक भाग शाबूत आहेत. फक्त चार अंतराळवीरांपैकी एक पांढरा हरवला आहे आणि पिवळ्या काचेचा एक तुकडा माझ्याच हातून पडून त्याला तडा गेला आहे. कंपनीला ९० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे २०२२ मध्ये, याच नावाचा १२५४ भागांचा नवा संच निघाला. तो घ्यावा असे आता मनात आहे.

छायाचित्रांत दोन्ही याने इतकी सारखी दिसतात की नवे यान ही जुन्याचीच मोठी प्रत आहे की त्याची आतली रचनाही निराळी आहे, हे कळत नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी जुने यान हातात धरून घरभर उडवत असते. नवे यान तिला तसे हाताळता येईल का? आणि हरवलेल्या, मोडलेल्या भागांच्या जागी नव्या संचातले भाग बसवले तर ते चालतील का? दोन्ही संच स्वतः जोडलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीडपट

मी दोन्ही जोडली आहेत. नवे यान जुन्याच्या सुमारे दीडपट आहे आणि त्याची लांबी ५२ सेंटिमीटर भरते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दीडपट झाल्या की आकारमान जवळजवळ ३.४ पट होते. त्या हिशेबाने ३३८ भागांचे सुमारे ११४० व्हायला हवेत, म्हणजे १२५४ हा आकडा फारसा दूर नाही. उगाच भाग वाढवून संच फुगवलेला नाही, असे माझे मत यावरूनच झाले.

खरी गंमत मात्र जोडताना कळते. लेगोच्या पातळ पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर असते, अशा तीन पट्ट्यांची मिळून एक वीट होते आणि दोन खुंट्यांमधले, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्यांमधले, अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिलिमीटर असते. दोन पट्ट्यांच्या दीडपट म्हणजे तीन पट्ट्या, हे सरळ जमते. पण एका खुंटीची दीडपट म्हणजे दीड खुंटी, आणि त्या रुंदीचा भाग नाही! म्हणून मधोमध एकच खुंटी असलेल्या छोट्या पट्ट्या वापरून वरचा थर अर्ध्या खुंटीने सरकवावा लागतो. काही ठिकाणी विटा आडव्या, खुंट्या बाहेरच्या अंगाला येतील अशा लावल्या आहेत. पाच पट्ट्यांची जाडी १६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी दोन खुंट्यांएवढी होते, त्या जोरावरच ही आडवी जोडणी फट न राहता बसते. जुन्या यानात विटेवर वीट चढत जाते आणि पुढचे पान उलटण्याआधीच पुढे काय येणार याचा अंदाज येतो. नव्यात आपण काय जोडत आहोत हे कितीतरी वेळ समजत नाही आणि मग अचानक पंखाची ती ओळखीची तिरकी कड तयार होते. त्या क्षणाला मी थांबून जुने यान शेजारी ठेवून पाहिले होते.

तेव्हा बाह्यरेषा जुनीच आहे, पण रचना पूर्णपणे नवी आहे, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर.

चांद्रभूमी

दीडपट यांच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. यान दीडपट झाले, पण अंतराळवीर १९७८ पासून जेवढा आहे तेवढाच राहिला. आतली जागा वाढली ती यामुळे. जुन्या यानात माणसांना वावरायला फारशी जागा नसे. नव्यात अंतराळवीर वावरू शकतात, मागच्या कप्प्यातून चारचाकी गाडी बाहेर काढता येते, सोबत एक यंत्रमानवही आहे आणि उतरण्याचे पाय आत दुमडता येतात. मुलीला खेळायला हे सगळे पुष्कळ आहे. सांगाडा भक्कम असल्यामुळे यान उचलून फिरवले तरी माझ्याकडे एकही भाग गळून पडला नाही. मात्र वजन लक्षात घेता नऊ वर्षांच्या मुलीला ते दोन हातांनी धरावे लागेल आणि एका हाताने भरारी मारण्याची मजा जुन्यातच राहील.

जुन्या संचाची बाजूही मांडायला हवी. त्यात यानाबरोबर खळग्यांची राखाडी चांद्रभूमी आणि एक छोटे ठाणे होते. यान कुठून निघाले आणि कुठे उतरले, हे मूल त्यावर स्वतः रचत असे. नव्यात भूमी नाही, त्यामुळे ते यान शोभेच्या वस्तूकडे झुकते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याची थोडी भरपाई अशी की त्याच भागांतून ९१८ आणि ९२४ या जुन्या क्रमांकांच्या लहान यानांची नवी रूपेही जोडता येतात. २०१४ चे ९४० भागांचे, लेगोच्या चित्रपटातल्या बेनी या अंतराळवीराचे यानही याच घराण्यातले, पण त्यावर गोळ्या उडवणारी साधने आहेत. १९७९ च्या यानावर एकही शस्त्र नव्हते आणि २०२२ च्या यानावरही नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

राखाडी_पट्टी

मी फक्त सरमिसळीबद्दल लिहितो. भाग एकमेकांत बसतील, कारण खुंट्यांचे माप बदललेले नाही. अडचण रंगाची आहे. २००४ च्या सुमारास जुना, किंचित पिवळसर झाक असलेला राखाडी रंग जाऊन निळसर झाकेचा राखाडी आला. जुन्या पंखात नवी पट्टी लावली की ती दुरूनही ठिगळासारखी दिसते. निळ्या विटा त्या मानाने खपून जातात. नव्या संचाच्या पारदर्शक पिवळ्या काचा सुंदर आहेत, पण आकार वेगळे असल्यामुळे तुमच्या तडकलेल्या काचेच्या जागी त्या बसणार नाहीत.

अंतराळवीराचे म्हणाल तर नव्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी जाड आहे. जुन्याची पातळ असे आणि बहुतेक वेळा तिथेच तडा जात असे. म्हणून तुमच्या उरलेल्या तिघांची शिरस्त्राणे मुलीला काढ-घाल करू देऊ नका. हरवलेल्या पांढऱ्याच्या जागी नवा पांढरा बसवलात, तर हनुवटीकडे बारकाईने पाहिल्याशिवाय फरक कळणार नाही.

निळे_पंख

तिघांचेही मनापासून आभार. नवा संच घ्यायचे ठरवले आहे. जुन्या यानात नव्याची एकही पट्टी लावणार नाही, फक्त पांढरा अंतराळवीर तेवढा तिकडे जाईल. चांद्रभूमीवर नवे यान उतरवले तर पंख कडेच्या किती बाहेर येतात, हे जोडून झाल्यावर मोजून कळवतो.