मदत हवी आहे: .३२ बोरचे जुने छोटे पिस्तूल, ब्राउनिंग १९१० घ्यावे की वाल्थर पीपी?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा असून उद्यमबागेतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत. जांबोटीकडच्या आमच्या शेतात रानडुकरांपासून भात राखण्यासाठी वडिलांनी बारा बोरची बंदूक घेतली होती. ती त्यांच्या मागे वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली, आणि आता त्याच परवान्यावर .३२ बोरच्या पिस्तुलाची नोंद मंजूर झाली आहे. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका-पिस्तुले ठेवता येतात. वडिलांची बंदूक मी विकणार नाही, त्यामुळे माझ्याकडे जागा एकच उरते. एकामागून एक पिस्तुले घेणाऱ्याची एखादी निवड फसली तर ती पुढच्या खरेदीत भरून निघते. माझा सगळा संग्रह मात्र या एका पिस्तुलाचाच असणार आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही असे मी ठरवले आहे.

९ मिमी पॅराबेलम हा बोर आपल्याकडे पीबी, म्हणजे प्रतिबंधित असल्यामुळे त्यातली ल्यूगर आणि हाय-पॉवर ही पिस्तुले माझ्यासाठी बादच आहेत. उरतो तो .३२, म्हणजेच ७.६५ मिमी ब्राउनिंग, आणि जुन्या छोट्या पिस्तुलांचा खरा सुवर्णकाळ याच काडतुसाभोवती घडला. खासगी परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, त्यामुळे त्याआधी देशात आलेलीच पिस्तुले हातोहात फिरत राहतात. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे .३२ पिस्तूल नवे मिळते, आणि केवळ संरक्षणासाठी घ्यायचे असते तर मी तेच घेतले असते. पण मला जुन्या यंत्रकामाची ओढ आहे.

ही ओढ नेमकी कशाची आहे ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट समजणार नाही. जॉन ब्राउनिंग या एकाच माणसाने दहा-बारा वर्षांत .३२ बोरच्या तीन पिस्तुलांत स्लाइड (गोळी सुटताच मागे सरकणारा वरचा भाग) पुढे आणणारी स्प्रिंग तीन निरनिराळ्या जागी बसवून पाहिली. बेल्जियमच्या एफएन कारखान्याने काढलेल्या १९००च्या पिस्तुलात ती नळीच्या वर आहे. अमेरिकेत कोल्टने काढलेल्या १९०३च्या पिस्तुलात ती नळीखाली गेली. याच पिस्तुलाला ‘हॅमरलेस’ म्हणतात, पण त्यात हॅमर, म्हणजे आघात करणारा घोडा, असतो आणि तो स्लाइडच्या आत झाकलेला असतो. पुढे एफएनच्या १९१०च्या पिस्तुलात ब्राउनिंगने स्प्रिंग थेट नळीभोवतीच गुंडाळली, आणि त्यामुळे वरचा सगळा भाग एखाद्या खरादलेल्या दंडगोलासारखा गोल आणि सडपातळ झाला. खराद यंत्रावर काम केलेल्या माणसाला त्या विचाराची किंमत लगेच कळते, कारण एक भाग योग्य जागी गेला की बाकीचे चार भाग आपोआप सोपे होतात. जर्मनीतल्या झेला-मेलिसच्या वाल्थर कारखान्याने १९२९मध्ये पीपी आणले तेव्हा स्प्रिंगची हीच मांडणी ठेवली. मात्र नळी सांगाड्यात पक्की बसवली आणि डबल ॲक्शनचा चाप दिला, म्हणजे हॅमर खाली असतानाही नुसता चाप ओढून पहिली गोळी सुटते.

सध्या दोन पिस्तुले माझ्यासमोर आहेत. पहिले ब्राउनिंग १९१०. ते आमच्याच जिल्ह्यातील एका वयस्कर परवानाधारकांकडे आहे, आणि प्रकृतीमुळे त्यांना ते विकायचे आहे. सांगाडा, स्लाइड आणि नळी या तिन्हींवर एकच क्रमांक आहे, बेल्जियममधील लिएजचा प्रूफ शिक्का, म्हणजे चाचणी झाल्याची खूण, स्पष्ट दिसतो, पण कडांवरचा निळा रंग उडून पोलाद उघडे पडले आहे. मॅगझिन एकच आहे, सात गोळ्यांचे. दुसरे वाल्थर पीपी, महाराष्ट्रातील एका परवानाधारक विक्रेत्याकडचे, आठ गोळ्यांचे. ते आरशासारखे चमकते, आणि नेमकी तीच चमक मला खटकते. स्लाइडवरच्या अक्षरांच्या कडा गोल झाल्या आहेत आणि पिनांच्या छिद्रांभोवती बशीसारखा उथळ खोलगटपणा आला आहे. बफिंगच्या चाकाखाली धातू गेला की असे होते, हे मी रोज पाहतो. घरच्या मंडळींना मात्र वाल्थरच आवडले, आणि विक्रेत्याचे म्हणणे असे की ‘नवे करून घेतलेले’ म्हणून त्याची किंमत अधिक आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रंग उडालेले पण मूळ रूपातले पिस्तूल घ्यावे की पुन्हा रंगवलेले? पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, तिथे उघडे पडलेले पोलाद टिकेल का? आणि शंभर वर्षांच्या आसपासचे पिस्तूल अधूनमधून चालवणे योग्य आहे का?

प्रतिसाद १

नमस्कार दादा. मी निपाणीचा. सैन्यात शस्त्रांच्या दुरुस्तीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. आपण चमक पाहून थांबलात हे फार बरे केले. जर्मन पिस्तुलावर १९४०पूर्वी मुकुटाखाली एन असा प्रूफ शिक्का असे आणि १९४०पासून त्या जागी गरुडाखाली एन आला. आता त्या वाल्थरवर मुकुट आहे की गरुड, हे आपल्याला वाचता येते का पाहा. बफिंगमध्ये तो शिक्का पुसट झाला असेल तर पिस्तूल कोणत्या काळातले हे सांगणारी मोठी खूण गेली, आणि संग्राहक पैसे त्या खुणेचेच मोजतो. उडालेला रंग हा वापराचा पुरावा असतो, तर घासून गेलेला धातू कोणत्याही किमतीला परत येत नाही. मी आपल्या जागी असतो तर ब्राउनिंगच घेतले असते.

मात्र डोळे झाकून घेऊ नका. पिस्तूल रिकामे असल्याची मॅगझिन काढून आणि चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) पाहून खात्री करा, मग नळी बाहेर काढून उजेडाकडे धरा. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधील क्षारांमुळे नळीत बारीक खड्डे पडत, आणि तसे पिस्तूल कितीही नीट ठेवलेले असले तरी ते खड्डे राहतातच. तोंडाशी असलेली खाचांची गोल कडी पकड सोडत नाही ना, तेही पाहा. उघडताना ती कडी अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर स्प्रिंग तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकते. ग्रिप सेफ्टी, म्हणजे मुठीमागची सुरक्षा कळ, दाबल्याशिवाय चाप चालता कामा नये, आणि मॅगझिन काढल्यावरही चालता कामा नये. या पिस्तुलाला बाहेरून दिसणारा हॅमर नाही, आतला स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी स्प्रिंगची सुई) ताणलेला आहे की नाही हे नजरेला कळत नाही, म्हणून घरात चेंबर नेहमी रिकामे ठेवा.

चालवण्याबद्दल सांगायचे तर अनुभवी शस्त्र कारागिराकडून तपासून आणि स्प्रिंग बदलून घेतल्यावर वर्षातून थोड्या गोळ्या चालवायला हरकत नाही. काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्याची मिळतात. या काडतुसाचा मागचा काठ त्याच्या पितळी नळकांड्यापेक्षा किंचित रुंद असतो, त्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे अडकला तर पिस्तूल अडते. भरताना प्रत्येक काडतूस पुढे सरकवून बसवा. बदललेली मूळ स्प्रिंग टाकून देऊ नका, ती पिस्तुलासोबतच जपा.

पावसाचे म्हणाल तर चामड्याच्या म्यानात पिस्तूल कधीही ठेवू नका. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार पोलाद खातात. पातळ तेलाचा हात, सुती कापड, कुलपाची लोखंडी पेटी आणि त्यात सिलिका जेल एवढे पुरे. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पेटी उघडून पाहा आणि हाताळल्यावर घामाचे ठसे लगेच पुसा. आपल्याकडे निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करावी लागतात आणि ती आठवडेच्या आठवडे तिथे राहतात, त्यामुळे जमा करण्याआधी नळीतही तेल फिरवा आणि पावतीवर क्रमांक बरोबर लिहिला आहे ना हे तिथेच तपासा.

आणखी एक गोष्ट, आपला परवाना कर्नाटकापुरताच असेल तर वाल्थर घेतले असते तरी ते परस्पर सीमा ओलांडून आणता आले नसते. कोल्हापूर आपल्याला घरासारखे जवळ असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते दुसरे राज्य आहे, आणि दुरुस्तीसाठी पिस्तूल तिकडे नेतानाही हे लक्षात ठेवावे लागेल.

धागाकर्त्याचे उत्तर

सुभेदार साहेब म्हणू की काका म्हणू, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. काल विक्रेत्याकडून वाल्थरचे जवळून काढलेले छायाचित्र मागवले. शिक्क्याच्या जागी एन तेवढा कळतो, वरचे चिन्ह मुकुट आहे की गरुड हे भिंगातूनही ठरवता आले नाही. त्यांना नम्रपणे नकार कळवला. आज सकाळी ब्राउनिंगच्या मालकांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर आणि त्यांच्याच हातून नळी काढून पाहिली. पीळ स्वच्छ आहेत, तोंडाजवळ एका ठिकाणी हलका डाग आहे, खड्डा नाही. कडीची पकड घट्ट आहे. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते, म्हणून त्यांनी तो अर्ज माझ्यासमोरच लिहायला घेतला. निघताना त्यांनी विचारले की रंग पुन्हा चढवून देऊ का, आणि मी त्यांना हात जोडून नको म्हणालो.