एनडीएतली राज्यशास्त्राची बीए: पैशाच्या हिशोबात कितपत?

गोदाकाठ:
मुलगी बारावीला, आर्ट्स. राहायला नाशिकरोड. तिला एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, आर्मीत जायचंय आणि खडकवासल्याला राज्यशास्त्र घ्यायचंय. आर्मी विंगला बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे तिथे अडचण नाही. परवा मेहुणे आले होते. म्हणाले, "दाजी, तीन वर्षं घाम गाळून हातात बीएच पडणार असेल, तर एक वर्ष गेलं तरी चालेल, पोरीला सायन्सला टाका." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. देशसेवेबद्दल शंका नाही, पण बाप म्हणून विचारतो: या पदवीचा पुढे पोटापाण्याला किती उपयोग?

तोफखाना:
मी स्वतः एनडीएचा, बीए. २४ वर्षं नोकरी करून देवळालीत स्थायिक झालो. तुमचे मेहुणे भलताच कागद बघतायत. फौजेत पगार कमिशनचा, म्हणजे अधिकारी म्हणून झालेल्या नेमणुकीचा असतो, पदवीचा नाही. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१००, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, शिवाय महागाई भत्ता. बीए असो की बीएस्सी, आकडा तोच. १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, २० वर्षं भरली की पेन्शन. आणि खर्चाची बाजू? शिकणं, राहणं, जेवण सरकारचं. पुढे आयएमएत, म्हणजे डेहराडूनच्या लष्करी अकादमीत गेल्यावर महिना ५६,१०० स्टायपेंड. माझ्या पुतण्याच्या इंजिनिअरिंगसाठी भावाने दीड एकर द्राक्षबाग विकली. तो खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा ते मेहुण्यांना विचारा.

कॉलेजरोड:
साहेब, मान राखून असहमत. तुमची २४ वर्षं पूर्ण झाली म्हणून तुमचा हिशोब जुळला.
माझा धाकटा भाऊ पदवी घेऊन पुढच्या ट्रेनिंगला गेला आणि गुडघा गेला. मेडिकल बोर्डाने बाहेर काढलं. काळी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर, अशी ती रिक्षातून घरी आली. अजून जिन्याखाली आहे, आई तिच्यावर गोधड्या ठेवते. नंतर तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एक्सेल येतं का, सेल्स केलंय का, हेच प्रश्न. राज्यशास्त्राबद्दल एकानेही विचारलं नाही. शेवटी कर्ज काढून एमबीए केलं. कमिशन मिळालेलं नसलं की माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने अशा कॅडेट्सच्या हालाची स्वतःहून दखल घेतली, म्हणजे हे एकट्या आमच्या घरचं नाही.
पदवीची किंमत त्या दिवशी कळते. भाऊ पीसीएम घेऊन, जेईई मेन देऊन टीईएसने, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग शिकवत फौजेत घेणाऱ्या योजनेतून गेला असता, तर निदान बीटेक तरी झालं असतं.

वकील_पंचवटी:
दादा, वाचून गलबलून आलं. पण निष्कर्ष पटत नाही. गुडघा टीईएसवाल्याचाही जातो, आणि दुसऱ्या वर्षी गेला तर हातात अर्धंच बीटेक. बीएला त्याचा दोष का?
ती पदवी जेएनयूची आहे, कुठेही चालते. तीन वर्षांचं एलएलबी त्यावरच होतं. यूपीएससी मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र वैकल्पिक घेतलं तर १७५०पैकी ५०० मार्क त्याचे. शिवाय तिथे अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन शिकवतात. काकांनी मुलीला सांगावं, भाषा मन लावून शीक. बाजारात तिला राज्यशास्त्रापेक्षा लवकर गिऱ्हाईक मिळतं.

कॉलेजरोड:
भाषेचं मान्य, ताई. यूपीएससी मात्र पैशाच्या हिशोबात धरू नका. अभ्यासिकेत तिशी ओलांडलेली पोरं बसलेली मी रोज बघतो. आणि पहाटेपासून पीटी, ड्रिल करून आलेला कॅडेट वर्गात किती जागा असतो, हे साहेबांनीच सांगावं.

तोफखाना:
डुलक्या लागायच्या, खोटं कशाला बोलू? झोप आली की उठून मागे उभं राहायचं. पण भारत-चीन सीमाप्रश्न तिथे जो डोक्यात बसला तो पुढे कामी आला. तमिळनाडूत वेलिंग्टनला अधिकाऱ्यांच्या पुढच्या शिक्षणाचं स्टाफ कॉलेज आहे, त्यासाठी मेजर लोकांना परीक्षा द्यावी लागते, तिच्यात चालू घडामोडी आणि लष्करी इतिहास असतो. माझे इंजिनिअर मित्र तिथेच अडखळले. ती परीक्षा निघाली की बढतीची वाट सोपी होते. यालाही पैशाचं मोल आहे.
तुमच्या भावाला मात्र न्याय झाला नाही, हे मी शंभरदा म्हणेन.

ओझरकर:
एक वेगळा मुद्दा. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत राज्यशास्त्र घेतलं तरी पदवी बीएस, म्हणजे विज्ञानाची मिळते, थोडी इंजिनिअरिंगही करावी लागते. आणि सक्रिय सेवेची सक्ती ५ वर्षांची. सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस बाजारात उभा राहू शकतो, म्हणून तिथे पदवीच्या विषयाचा भाव काढणं रास्त. आपल्याकडे पेन्शन २० वर्षांनी. तोवर दाखवायचा तो अनुभव, त्या वयात बीएची मार्कशीट कोण मागतं?

गोदाकाठ:
सगळं मुलीला वाचायला दिलं. ट्रंकेपाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "पप्पा, गुडघ्याची भीती आहेच, पण मला राज्यशास्त्रच वाचायचंय." २०२५च्या मे महिन्यात एनडीएतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, त्यांचा फोटो तिने टेबलावर चिकटवलाय. तेव्हा सायन्सचा विषय घरात बंद. कॉलेजरोड, तुमचं ऐकून एक ठरवलं: तिच्या इंजिनिअरिंगला लागले असते त्यातले थोडे पैसे दरमहा तिच्या नावावर टाकायचे. मधेच परत यावं लागलं तर पुढच्या शिक्षणाला कर्ज नको.
आता खरी अडचण लेखी परीक्षेची. गणिताचा पेपर ३०० मार्कांचा आणि तिचं गणित दहावीलाच सुटलंय. आर्ट्सच्या मुलांना अगदी पायापासून शिकवणारं नाशिकरोडला किंवा गंगापूर रोडला कोणी माहीत असेल तर कळवा.