मदत हवी आहे: ग्रेट प्लेन्समधली वादळं – सगळं जुळलंय, पण झाकण फुटणार का हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी मध्य ओक्लाहोमात राहतो. एप्रिल-मे-जूनमध्ये शनिवार-रविवारी आमचं क्रिकेट असतं आणि सामना ठेवायचा की नाही हे हवामान बघून सांगायचं काम माझ्याकडे आहे. मैदान अगदी उघडं, जवळपास एकही पक्की इमारत नाही, बरोबर लहान मुलं. त्यामुळे ‘आलं तर पळू’ यावर मला विसंबता येत नाही.

खूप वाईट दिवस ओळखायला मला त्रास होत नाही, शांत दिवसही कळतात. अडतं ते एकाच प्रकारच्या दिवशी. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा आलेली असते, दवबिंदू 19-20 अंश. पश्चिमेला टेक्सस पॅनहँडलमध्ये (टेक्ससच्या उत्तर टोकाला) ड्रायलाइन, म्हणजे दमट आणि कोरड्या हवेमधली सीमा, उभी, तिच्यापलीकडे दवबिंदू धाडकन 5 च्या खाली. केप (हवा वर उसळायला मिळणारी ऊर्जा) 3000 जूल प्रति किलोच्या वर, जमिनीपासून 6 किलोमीटरपर्यंतचा विंड शिअर (उंचीनुसार वाऱ्यात होणारा बदल) 45-50 नॉट. म्हणजे सुपरसेलला, स्वतःभोवती फिरणाऱ्या मोठ्या वादळाला, लागणारं सगळं हजर. पण सकाळी 7 चं नॉर्मनचं साउंडिंग (फुग्यातून सोडलेल्या उपकरणाने घेतलेला वरच्या हवेचा आलेख) उघडलं की 850 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीच्या, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीच्या, आसपास तापमानाची रेघ उजवीकडे नाकासारखी बाहेर आलेली दिसते. मेक्सिकोच्या पठारावरून सरकत आलेली ती गरम, कोरडी हवा दमट थरावर झाकणासारखी बसलेली असते. ते फुटलं तर टेनिस बॉलएवढ्या गारा, नाही फुटलं तर दिवसभर नुसतं ऊन.

अशा दिवशी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या अमेरिकी सरकारी संस्थेच्या आउटलुकमध्ये (धोक्याच्या अंदाजात) बरेचदा पिवळा रंग, म्हणजे ‘स्लाइट’ (कमी) धोका, आणि टॉर्नेडोची शक्यता 5 टक्के असते. ही शक्यता एखाद्या ठिकाणापासून 25 मैलांच्या, म्हणजे 40 किलोमीटरच्या आत काही घडण्याची असते आणि रोजच्या सरासरीच्या ती कित्येक पट असते, इथपर्यंत मला माहीत आहे. पण दोन अगदी वेगळ्या दिवसांना हाच आकडा मिळतो. एका दिवशी जागोजागी वादळं होतात, त्यातली बहुतेक किरकोळ. दुसऱ्या दिवशी अख्ख्या राज्यात एखादंच होतं किंवा तेही होत नाही, पण झालं तर भयंकर. माझ्या सामन्यासाठी हे दोन दिवस सारखे कसे धरू?

इतिहास पाहिला तर दोन्हीकडची उदाहरणं आहेत. 3 मे 1999 ला सकाळी फक्त ‘स्लाइट’ धोका होता. तो दिवसभरात वाढवत दुपारी ‘हाय’ या सर्वांत वरच्या पातळीवर नेला आणि संध्याकाळी ब्रिज क्रीक-मूरचा एफ-5, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचा, टॉर्नेडो झाला. उलट 20 मे 2019 ला आधीच ‘हाय’ जाहीर झालं, ओक्लाहोमातल्या कितीतरी शाळा बंद ठेवल्या. टॉर्नेडो झाले, पूरही आले, पण ज्या महाभयंकर उद्रेकाची भीती होती तो झाला नाही. दोन्ही वेळा अंदाज देणारे निष्णातच होते.

सध्या मी 700 हेक्टोपास्कलचं, म्हणजे साधारण 3 किलोमीटर उंचीवरचं, तापमान बघतो (मे महिन्यात 12 अंशांच्या वर गेलं की झाकण घट्ट धरायचं) आणि एचआरआरआर हे दर तासाला नवा अंदाज काढणारं संगणकी मॉडेल बघतो. पण त्याची एक फेरी संध्याकाळी 6 ला वादळ दाखवते, पुढच्या तासाची फेरी काहीच दाखवत नाही. दुपारी 12 ते 3 मध्ये नेमकं काय बघू, म्हणजे निर्णय भरवशाचा होईल?

उत्तर:

मॉडेलच्या एका फेरीवर जाऊ नका. लागोपाठच्या फेऱ्यांचं पटत नसेल तर तीच माहिती समजा: झाकण काठावर आहे.

झाकण निघतं ते खालून तापल्याने, ड्रायलाइनपाशी वारे एकमेकांना भिडून हवा वर ढकलली गेल्याने, किंवा पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या लाटेमुळे वरची हवा थंड झाल्याने. नुसत्या उन्हावर भिस्त असलेले दिवसच जास्त फसवतात. म्हणून दुपारी आधी पृष्ठभागाचा नकाशा दर तासाला बघा. दवबिंदू टिकून आहे की कोरडी हवा मिसळून उतरतोय? ड्रायलाइनच्या पूर्वेला दक्षिणेकडून येणारे वारे आता आग्नेयेकडून येऊ लागले का? तसं असेल तर काळजी वाढवा. मग उपग्रहाची दृश्य चित्रं. ड्रायलाइनवरचे ढग चपटे आणि विरून जाणारे असतील तर झाकण अजून जिंकतंय. तेच ढग एकाच जागी पुन्हापुन्हा उंच होऊ लागले, कडा फुलकोबीसारख्या ठसठशीत दिसू लागल्या, तर तासाभरात रडारवर काहीतरी उमटेल. 18 यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं), म्हणजे तुमच्याकडे दुपारी 1 चं जादा साउंडिंग सोडलं असेल तर ते सोन्यासारखं.

आउटलुकचा रंग बघून थांबू नका, मजकूर वाचा. ‘वादळं झालीच तर’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर तो तुमचा दुसऱ्या प्रकारचा दिवस. आणि अशा दिवशी सामना सकाळी घ्या, 2 पर्यंत संपवा. पहिला ढग झाकण फोडून वर गेल्यापासून मोठ्या गारा पडेपर्यंत कधीकधी तासही जात नाही, आणि वॉर्निंग येईपर्यंत थांबलात तर मुलांना गाडीत बसवून पक्क्या जागी पोचवायला वेळ उरणार नाही. वीज तर टॉर्नेडोच्या कितीतरी आधी येते.

धागाकर्ता:

मनापासून आभार. सकाळच्या वेळेचं आजच सगळ्यांना कळवतो. मजकुरातल्या त्या वाक्याकडे मी इतकं लक्ष देत नव्हतो.

एक शंका उरली. सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते, म्हणजे झाकण पुन्हा घट्ट व्हायला हवं. पण त्याच वेळी खालच्या थरातला दक्षिणेचा जेट (वेगवान वाऱ्याचा पट्टा) जोर धरतो आणि शिअर वाढतो. 7 वाजेपर्यंत एकही वादळ नसेल तर मुलांना संध्याकाळी बाहेर सोडायला हरकत नाही, की 9 पर्यंत वाट बघावी? आणि पश्चिमेला आधीच एखादी सुपरसेल चालू असेल तर ती आमच्यापर्यंत येताना मरेल की आणखी चिडेल, हे कशावरून ठरवता?