एका पेपरची चित्रं खोटी निघाली म्हणून अख्खं मेंदूसंशोधन बोगस?

डेंड्राइट
काल ‘खवट’ यांनी लिहिलं की २००६ चा अल्झायमरवरचा तो गाजलेला पेपर (शोधनिबंध) बनावट निघाला, म्हणजे ‘मेंदूवरचं सगळं संशोधन हा फंडिंगसाठी रचलेला तमाशा’. खाली +१ ची रांग. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

चित्रांत फेरफार झाली, वादच नाही. पेपर ‘नेचर’मधला, मिनेसोटा विद्यापीठाचा. एबीटा-स्टार-५६ हे अमायलॉइड प्रकारचं प्रथिन टोचलं की उंदरांची स्मृती ढासळते, असा दावा. मेंदूशास्त्रज्ञ मॅथ्यू श्रॅग यांनी त्यातल्या वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं ओळखायच्या चाचणीच्या) चित्रांतल्या पट्ट्या मोठ्या करून पाहिल्या, तर काही पट्ट्या कापून-चिकटवल्यासारख्या दिसल्या. २०२२ मध्ये ‘सायन्स’ने ते छापलं, २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. पण मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनामुळे अल्झायमर होतो, ही कल्पना त्या पेपरच्या खांद्यावर उभी नव्हती. अमायलॉइड ज्यातून तयार होतं त्या एपीपी प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि घराण्यात चालणारा अल्झायमर यांचा संबंध १९९१ मध्येच सापडला होता.

लबाड मोजकेच असतात. खरं दुखणं प्रामाणिक लोकांच्या सवयींत आहे. २०१३ च्या एका आढाव्यात न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची मध्यक ‘पॉवर’ साधारण २१ टक्के निघाली. म्हणजे परिणाम खरा असला तरी पाचातल्या चार वेळा हातून निसटणार, आणि जो सापडेल तो फुगलेला. मेंदूसंशोधक क्रेग बेनेट यांनी २००९ मध्ये मेलेला साल्मन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’ आणि भावना ओळखायला सांगितलं. मेंदूतल्या हजारो जागा एकदम तपासताना योगायोग वगळायची दुरुस्ती केली नाही, तर माशाच्या मेंदूतही ठिपके पेटतात! म्हणून आधी गृहीतक नोंदवा, डेटा खुला करा, नमुना मोठा घ्या.

खवट
म्हणजे बहुतेक प्रयोगांत दम नाही हे तुम्हीच सांगताय. मी त्याला बोगस म्हटलं, तुम्ही ‘पॉवर कमी’ म्हणता. पीएचडीचा फायदा एवढाच दिसतो. आणि सोळा वर्षं कुणालाच पट्ट्या दिसल्या नाहीत?

डेंड्राइट
काही प्रयोगशाळांना तो स्टार-५६ शोधूनही सापडत नव्हता. पण ‘सापडला नाही’ हा पेपर छापतो कोण? म्हणून तर आधी आराखडा तपासून स्वीकारायचा आणि निकाल काहीही आला तरी छापायचा, ही पद्धत ‘कॉर्टेक्स’ नियतकालिकाने २०१३ मध्ये सुरू केली.

सिग्मा
त्या २१ टक्क्यांचा झेंडा जरा खाली घ्या. २०१७ च्या फेरविश्लेषणात दिसलं की काही उपशाखा ठीकठाक आहेत, काहींत आनंदीआनंद. एकच मध्यक सगळ्यांच्या माथी मारणं हे चुकीचं संख्याशास्त्र. आणि नमुना मोठा केला की झालं, हाही भ्रम. २०२० मध्ये ७० गटांना एकच एफएमआरआय (मेंदूच्या हालचालीच्या स्कॅनचा) डेटा दिला, नऊ गृहीतकं दिली. विश्लेषणाची वाट दोन गटांचीही तंतोतंत जुळली नाही, निष्कर्षही फाटले.

मास्तर_निवृत्त
अवांतर: आराखडे नोंदवा म्हणे! आमच्या कॉलेजात एपीआयचे (बढतीसाठी मोजायचे) गुण भरायला दर मार्चमध्ये पेपर ‘पाडावे’ लागायचे. पैसे भरा, आठवड्यात छापून येतो. एका सहकाऱ्याने माझाच जुना लेख स्वतःच्या नावावर दिला, प्राचार्यांनी त्याचा सत्कार केला, नारळ मलाच आणायला पाठवलं.

खडूफळा
मास्तर, दंडवत! आमच्याकडे गाइडच्या मेहुण्याचं नाव तिसरा लेखक म्हणून. २०२२ मध्ये यूजीसीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, तरी विभागप्रमुख म्हणतात, ‘आपल्याकडे परंपरा आहे.’

डेंड्राइट
विषय मेंदूसंशोधनाचा आहे. कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढती योजनेच्या) फायली वेगळ्या धाग्यावर उघडा.

मास्तर_निवृत्त
का बरं? छापलेल्या कागदांवर बढती, हेच तर मूळ! बॉस्टनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. तुमच्या लॅबला सर्व्हर आहे. आमच्या प्राणिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाचा बल्ब गेला तर कोटेशन तीन, सही पाच. डेटा खुला करून ठेवू कुठे, माझ्या पेन ड्राइव्हवर?

डेंड्राइट
खुला डेटा ठेवायला झेनोडो हे संकेतस्थळ फुकट आहे, मास्तर. रडगाणं गायला सर्व्हर लागत नाही, तसा यालाही लागत नाही.

खडूफळा
भाषा सांभाळा. वयाने मोठे आहेत ते.

माधुरी_क
तुमचं चालू द्या. माझी आई मला ‘बाई, तुम्ही कुणाच्या?’ असं विचारते. खवट, ‘सगळंच थोतांड’ छापाचं काहीतरी वाचून माझ्या भावाने डॉक्टरांना न विचारता तिची डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी बंद केली. चार शब्द बोलायची, तेही गेले. गोळीने आजार बरा होत नाही, मला माहीत आहे. पण ती संध्याकाळी ताट ओळखायची. आणि त्याच भावाने ‘क्लिनिकली प्रूव्हन’ छापलेलं मेंदूचं टॉनिक मात्र विकत आणलं.

खवट
ताई, आईंबद्दल वाईट वाटलं. औषध बंद करा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. आणि त्या टॉनिकवाल्यांच्या शिव्या मला कशाला?

माधुरी_क
‘सगळं’ लिहिलं होतंत. त्यात गोळीही आली.

खवट
बरं, ‘सगळं’ मागे घेतो. ‘पुष्कळसं’ ठेवतो. आता अमायलॉइडवाल्यांनीही सांगावं, एवढ्या वर्षांत हाती काय लागलं?

सिग्मा
लेकॅनेमॅब, मेंदूतलं अमायलॉइड काढणारं औषध. चाचणीत १७९५ रुग्ण, अठरा महिने, आजार सुरुवातीचाच. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या पट्टीवर औषध आणि प्लसिबो (नुसतं दिखाऊ औषध) यांत फरक ०.४५. चाचणी चोख आणि मोठी, परिणाम खरा. पण घरच्यांना तो जाणवेल का, यावर डॉक्टरांतच जुंपली आहे. शिवाय काहींच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव.

डेंड्राइट
माधुरीताई, तुमच्या आईंच्या टप्प्यावर ते औषध देत नाहीत. गोळीचं मात्र न्यूरोलॉजिस्टना पुन्हा विचारा. मास्तर, बढतीचा मुद्दा अगदीच अवांतर नाही, तेवढं मान्य. झेनोडोवर खातं उघडायला मदत करीन.

मास्तर_निवृत्त
उपकार झाले. आधी त्या सहकाऱ्याच्या नावावरचा माझा लेख तिथे चढवा.

खडूफळा
मास्तर, मेहुण्याचंही नाव घाला, गाइडना बरं वाटेल.