मांजराचा पगार: जुन्या शहरांतल्या खऱ्या गोष्टी हव्यात

सियागंजची नात (इंदूर)
माळा आवरताना आजोबांची वही सापडली. ते सियागंजात एका किराणा पेढीवर मुनीम होते. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले. रोजच्या खर्चात हमाली, सुतळी, दिवाबत्ती, आणि मग हिंदीत एक ओळ: 'बिल्ली का दूध, एक आना'. पानं उलटत गेले, ही ओळ एकही दिवस चुकलेली नाही. दिवाळीला दोन आणे!

आई सांगते, गोदामात गुळाच्या भेल्यांवर झोपणारी एक कबरी मांजर होती. पोती हलवायच्या आधी हमाल तिला हाक मारून बोलावून घ्यायचे. तो दिवाळीचा जास्तीचा आणा दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीये. मोठ्या शहरांत मांजरांना असं हिशेबात धरल्याच्या गोष्टी कुणाला ठाऊक आहेत का? खऱ्याच हव्यात.

निवृत्त टपालवाला
ताई, माझा जन्म पोस्टात सॉर्टिंग करण्यात गेला, म्हणून ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदीर कागद खायला लागले, तेव्हा १८६८ मध्ये तीन मांजरं सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला ठेवली. मागितले होते आठवड्याला दोन शिलिंग. साहेबांनी तिघांत मिळून एकच मंजूर केला, बाकीचं पोट त्यांनी उंदरांवर भरावं म्हणाले. उंदीर कमी झाले नाहीत तर भत्ता आणखी कापू, हेही लिहून ठेवलं. मांजरांनी काम चोख केलं. १८७३ मध्ये भत्ता दीड शिलिंग झाला.

पुढे तिथल्या मुख्य कचेरीत टिब्स नावाचा बोका होता. जन्म नोव्हेंबर १९५०, वजन २३ पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर! आठवड्याला अडीच शिलिंग मिळायचे. १४ वर्षं त्याने ती इमारत उंदरांपासून राखली. डिसेंबर १९६४ मध्ये तो गेला, तर खात्याच्या मासिकात त्याच्यावर मृत्युलेख आला. पत्ता कुरतडलेलं पत्र हातात आलं की जीव कसा तुटतो, ते सॉर्टिंगवाल्याला विचारा. मला तो मृत्युलेख अगदी योग्य वाटतो.

मल्हारगंजकर
लंडनचीच आणखी एक. सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळच्या एका चर्चमध्ये फेथ नावाची मांजरी होती. सप्टेंबर १९४० मध्ये तिने आपलं एकुलतं पिल्लू वरच्या मजल्यावरून तळघराच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. पाद्रीबाबा ते वर आणायचे, ही परत खाली न्यायची. शेवटी त्यांनीच हार मानली. ९ तारखेच्या रात्री बॉम्बहल्ल्यात इमारत कोसळली. सकाळी ढिगाऱ्यात फेथ पिल्लाला पोटाशी धरून बसलेली सापडली, दोघंही जिवंत. १९४५ मध्ये तिला रुपेरी पदक दिलं.

कृष्णपुरा
माझी गोष्ट उंदराची, पण आपल्या गावची. तुकोजीराव होळकरांच्या काळात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदूरला आले होते, १९१८ चा शहररचनेचा अहवाल त्यांचाच. प्लेगची दहशत होती. त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढवली, जे रस्ते स्वच्छ असतील तिथूनच ती जाणार अशी बोली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता! प्लेगचा उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. धान्याच्या पेठेतल्या माणसांनी हे भय पाहिलेलं. म्हणून ताई, तुमच्या आजोबांचा तो एक आणा मला नुसता दुधाचा वाटत नाही.

सियागंजची नात (इंदूर)
सगळं आईला वाचून दाखवलं. पिल्लाच्या गोष्टीवर ती म्हणाली, वही पुन्हा बघ. पाहिली. चैत्रात सलग वीस दिवस दुधाचे दोन-दोन आणे लावलेत, आणि एकविसाव्या दिवसापासून परत एक. 'पिल्लांचे डोळे उघडून ती चालायला लागेपर्यंत,' आई म्हणाली.

आजोबांनी कारण कुठेच लिहिलेलं नाही. मालकांनी विचारलंही नसावं.