व्यवसाय कराच्या वसुलीबद्दल निवेदन लिहायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या व्यापारी संघटनेने अर्थसंकल्पाआधी शासनाला निवेदन द्यायचं ठरवलं आहे. मी कर सल्लागार असल्यामुळे मसुदा माझ्याकडे आलाय. दरवर्षी आपण नुसत्या सवलती मागतो, यंदा नवा कर न लावता महसूल कसा वाढेल तेही सांगू, असं सभासदांचं म्हणणं पडलं आणि मला ते मनापासून पटलं.

महाराष्ट्राची ओढाताण सगळ्यांना दिसतेच आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवली होती आणि कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे. जीएसटीचे दर परिषदेत ठरतात, केंद्राकडून मिळणाऱ्या भरपाईची मुदत जून २०२२ ला संपली. राज्याच्या हातात उरलं ते इंधनावरचा व्हॅट, दारू, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क असं मोजकंच. त्यातलाच एक व्यवसाय कर. निवेदनात फक्त त्याच्याबद्दलच लिहावं असं माझं मत आहे, कारण तिथली गळती मी रोज बघतो.

कायदा १९७५ चा, रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आणलेला. नोकरदाराचा कर मालक पगारातून कापतो, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, त्यामुळे तो सहसा बुडत नाही. पण स्वतःचा धंदा असलेल्याने आपण होऊन पीटीईसी (व्यवसाय कराचं नोंदणी प्रमाणपत्र) काढायचं आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत २५०० रुपये भरायचे. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराने, कंपनी असेल तर प्रत्येक संचालकाने वेगळे. जीएसटी क्रमांक आहे, विवरणपत्रं वेळेवर जातात, पण पीटीईसी नाही, असे लोक माझ्याकडे सतत येतात. दोन्ही कर बघणारा विभाग एकच, दोन्हीकडे पॅन नोंदवलेला. मग जीएसटी आहे आणि पीटीईसी नाही अशांची यादी दर तिमाहीला निघून त्यांना साधा संदेश का जाऊ नये? नोंदणी करताना मागच्या चार वर्षांचा कर एकदम मागितला जातो. चालू वर्षाचा धरून १२,५०० रुपये, वर व्याज. छोटा दुकानदार हा आकडा ऐकूनच मागे फिरतो. आधी चालू वर्षाचा कर भरून घ्यावा आणि मागच्याचे हप्ते बांधून द्यावेत, असं मी लिहिणार आहे.

अभय योजनांबद्दल, म्हणजे जुन्या करांची थकबाकी माफ किंवा कमी करणाऱ्या योजनांबद्दल, मात्र स्पष्ट लिहायचं आहे. २०२३ च्या योजनेत जून २०१७ पर्यंतच्या काळातली, वर्षाला २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली आणि ५० लाखांपर्यंत असलेल्यांना २० टक्के भरून मोकळं होता आलं. आदल्या वर्षीही योजना होतीच. जुने वाद मिटले, कार्यालयांवरचा भार हलका झाला, हे खरं. पण ज्याने उसनवारी करून वेळेवर कर भरला तो मला विचारतो, "मी का भरला?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. वेळेवर भरणाऱ्याला काहीतरी मिळावं यासाठी कुणाला व्यवहार्य कल्पना सुचते का?

गुजरातमध्ये २००८ पासून हा कर महापालिका आणि नगरपालिका गोळा करतात. बडोदा-सुरतकडच्या मराठी मंडळींनी तिथला अनुभव सांगितला तर फार उपयोग होईल. व्यापाऱ्याला त्रास वाढला की कमी झाला? आपल्या नगरपालिकांना हे झेपेल का, याबद्दल मला शंका आहे.

दुसरं, गुमास्त्याबद्दल, म्हणजे दुकानाच्या नोंदणीबद्दल. २०१७ च्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी, आणि २०२५ च्या बदलानंतर वीसपेक्षा कमी, कामगार असलेल्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती माहिती कर विभागाकडे आपोआप जाते का? कामगार कार्यालयात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

भर: काहींनी विचारलंय की २५०० रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला. एक लाख नवे लोक नोंदले गेले तर वर्षाला २५ कोटी होतात, आणि तेही दरवर्षी. तूट त्याने भरणार नाही, पण कुणावर नवा बोजाही पडत नाही. या कराची कमाल मर्यादा वाढवा असं निवेदनात घाला, ही सूचनाही आली. ती मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे, १९८८ पासून २५०० च आहे. चौदाव्या वित्त आयोगाने १२,००० सुचवली होती, पण त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. शिवाय जे आज भरतायत त्यांच्याकडूनच आणखी घेण्याआधी न भरणाऱ्यांना यादीत आणावं, म्हणून तो मुद्दा मी घेणार नाही.

पासष्टीच्या पुढच्यांना करमाफी असूनही नोटीस आल्याचं दोघांनी लिहिलंय. ते मसुद्यात घेतो. तुमच्या भागात असं घडलं असेल तर नाव-गाव न देता, नोटीस कोणत्या वर्षाची होती एवढंच कळवा.